मेथीच्या वाफ्यात खड्डे पाडणारी रानटर्की

बर्फातली_जाई

नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. घरामागे ओक आणि पाइनची दाट झाडी आहे. मे उलटला आणि थंडीची भीती सरली की मी परसात मेथी, कोथिंबीर आणि थोडी अंबाडी टाकते. इथे ताजी मेथी मिळायला पाऊण तास गाडी हाकावी लागते, त्यामुळे त्या वाफ्यावर माझा भारी जीव.

यंदा मेथी चार बोटं वर आली आणि एका दुपारी बघते तर वाफ्याच्या मधोमध तीन खड्डे. पसरट, परातीसारखे. आतली माती मैद्याच्या चाळणीने चाळल्यासारखी मऊ. रोपं उपटली होती, पण एकही खाल्लेलं नव्हतं, सगळी कडेला सुकून पडलेली. ससा असता तर त्याने शेंडे कुरतडले असते, ग्राउंडहॉगने (बिळात राहणारा, पाला खाणारा खारीच्या कुळातला मोठा प्राणी) तर काडीही ठेवली नसती. नवरा म्हणाला, स्कंक (दुर्गंधी फवारणारा काळा-पांढरा प्राणी) रात्री अळ्या उकरतो. पण स्कंकचे खड्डे लहान असतात, नरसाळ्यासारखे निमुळते. मी टेप लावून मोजलं: लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी ३५, खोली जेमतेम चार बोटं. एका खड्ड्यात एक गडद तपकिरी पीस सापडलं, टोकाला बदामी किनार असलेलं.

शनिवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले. साडेअकराच्या सुमारास ऊन वाफ्यावर आलं आणि झाडीतून एक रानटर्कीची मादी निघाली, मागे नऊ पिल्लं. ती सरळ वाफ्यात शिरली. आधी पायांनी माती उकरली, मग खाली बसून चोचीने आजूबाजूची माती छातीखाली ओढून घेतली. अंगावरची पिसं अशी फुलवली की ती दुप्पट दिसायला लागली. मग एका पंखाने माती उचलून पाठीवर टाकायची, पायाने खालून उडवायची, मान जमिनीवर घासायची, पुन्हा दुसऱ्या कुशीवर. मध्येच एक पाय लांब ताणून, पंख पसरून ती कुशीवर निपचित पडली. डोळे अर्धे मिटलेले. माझ्या काळजाचा ठोका चुकला. वाटलं, हिला काहीतरी झालं. दार उघडायला उठणार तेवढ्यात तिने परत पंख हलवला आणि धुळीचा एक झोत पिसांत शिरला.

पिल्लं तोवर त्याच खड्ड्यात घुसली होती. तळव्यावर मावतील एवढी पिल्लं, पण प्रत्येकाचा पंख आईसारखाच चालत होता. एक तर तिच्या पाठीवर चढून तिथल्या मातीत लोळत होतं. वीस-बावीस मिनिटांनी ती उठली, चार पावलं पुढे गेली आणि अंग झाडलं. एवढी धूळ उडाली की क्षणभर ती दिसेनाच. मग पिसं एकेक करून चोचीतून काढत बसली.

गावाकडे कोंबड्या मातीत लोळताना पाहिल्यात, पण इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. दोन प्रश्न आहेत. पक्षी हे नेमकं कशासाठी करतात? आणि माझी मेथी वाचेल, पण तिची आंघोळ मोडणार नाही असं काही करता येईल का?

सातारची_सून

जाईताई, वाचताना आमच्या आजेसासूबाई आठवल्या. त्या चुलीतली राख उकिरड्यावर कधी टाकू द्यायच्या नाहीत. गोठ्याच्या भिंतीलगत, जिथे पावसाचं पाणी येत नाही अशा कोपऱ्यात राख आणि वाळकी माती एकत्र पसरायची. दुपार झाली की सगळ्या कोंबड्या तिथे. खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच अंड्यांवरून उठायची. घाईघाईने दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि राखेत लोळून मगच परत खुराड्यात. आजेसासूबाई म्हणायच्या, "तिचं पोट एक वेळ अर्धं राहील, पण राख चुकायची नाही."

टर्की किती दिवस अंड्यांवर बसते हो?

बर्फातली_जाई

सुमारे २८ दिवस, आपल्या कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त. घरटं म्हणजे जमिनीवरच पालापाचोळ्यातली खोलगट जागा, दहा-बारा अंडी. आणि तुम्ही सांगितलंत तसंच हिचंही असतं. थोडा वेळ उठून चरायचं, धुळीत लोळायचं आणि परत. राखेचं ऐकून फार बरं वाटलं.

पिसांचा_वैद्य

मी पशुवैद्य आहे, बरीच वर्षं कुक्कुटपालनात गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमेल तसं देतो.

पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक तेलाची ग्रंथी असते. पक्षी चोच तिच्यावर घासून ते तेल पिसांना लावतो. त्याने पिसं लवचीक राहतात. पण हे तेल जुनं होतं, साचतं, आणि मग पिसांचे बारीक तंतू एकमेकांना चिकटतात. आतली मऊ पिसं चिकटली की त्यांत हवा कोंडून राहत नाही, म्हणजे ऊब जाते. कोरडी बारीक माती हे जादा तेल शोषून घेते आणि अंग झाडलं की बरोबर घेऊन जाते. शिकेकाईने केसांचं तेल निघतं, तसंच काहीसं. कोंबड्यांवर प्रयोग झालेत: काही दिवस माती मिळू दिली नाही तर पिसांवरचं तेल वाढत जातं, माती दिली की उतरतं. ताईंनी जे शेवटी पाहिलं, उठून पिसं चोचीतून काढणं, तो या कामाचाच उरलेला भाग. तंतू पुन्हा एकमेकांत अडकवून पीस सरळ करायचं.

दुसरं कारण अंगावरच्या उवा आणि माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे अगदी बारीक जीव. टर्कीच्या अंगावर उवांच्या खास तिच्याच जाती असतात. वाळूत गंधक, केओलिन (पांढरी चिनी माती) किंवा डायटोमेशियस माती (सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची भुकटी) मिसळून ठेवली तेव्हा त्यात नियमित लोळणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरचे परजीवी झपाट्याने घटलेले दिसले. आजेसासूबाईंच्या राखेमागेही हाच अनुभव असणार.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून छळते. तारेच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीखाली मातीचा कणही नसतो. तरी ती बसते, पिसं फुलवते, पंखाने नसलेली माती उचलते आणि अंगावर टाकते. तारेवर. मी हे रोज शेकड्यांनी पाहिलंय. पिसंच न येणाऱ्या कोंबड्यांची एक जात आहे, तिची पिल्लंसुद्धा ही हालचाल करतात. म्हणजे ही ओढ आतून येते, अंग मळण्याची वाट बघत नाही. युरोपीय संघाने २०१२ पासून उघडे-बोडके पिंजरे बंद केले, तेव्हा कोंबडीला चोच मारायला आणि उकरायला काहीतरी हवं, ही अट त्यात घातली. ज्याने त्या कोंबड्या पाहिल्यात त्याला ती अट का घातली हे समजावून सांगावं लागत नाही.

माळावरचा

मी सोलापूरकडचा. चंडोल आमच्याकडे पाणी प्यायला येतात, पण आंघोळ मात्र धुळीतच. बैलगाडीच्या चाकोरीत, भर उन्हात. मोर, तितर, लाव्हरी, सगळ्यांचं तेच. चिमणी दोन्ही करते, पाण्यातही आणि मातीतही. लहानपणी चिमण्या अंगणात धुळीत न्हायल्या की घरातले म्हातारे आभाळाकडे बघायचे, आता पाऊस येणार म्हणून.

डॉक्टर, एक शंका. माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांना तेलाची ग्रंथी नसतेच, बरोबर? तरी तेही मातीत लोळतात. मग तेल काढायला लोळतात हे कसं बसवायचं?

पिसांचा_वैद्य

उत्तम प्रश्न. बरोबर आहे, माळढोकाच्या कुळात ती ग्रंथी नाही. त्यांच्या काही पिसांचा पिठासारखा भुगा होतो आणि तोच देखभालीला लागतो. म्हणजे धुळीत लोळण्याला एकच कारण नाही. कोंबडी-टर्कीच्या बाबतीत तेलाचा पुरावा भक्कम आहे. माळढोकात परजीवी आणि पिसांची झाडलोट यांचं पारडं जड असावं. कोरड्या मुलखातल्या पक्ष्याला पाण्यावाचून स्वच्छ राहायचं तर मातीशिवाय दुसरं आहे काय?

हिरवळीचा_माळी

सगळं वाचलं, पण मला हे कौतुक पटत नाही. आमच्याकडे न्यू जर्सीत टर्कींनी उच्छाद मांडलाय. नर गाडीच्या चकाकत्या दारावर चोची मारतात, पायऱ्यांवर घाण करतात, गेल्या वर्षी माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या मागे लागला होता. ताई, आज तीन खड्डे आहेत, उद्या तीस होतील. लगेच जाळी मारा आणि हाकलून लावा.

मॅडिसनकर

माळीदादा, मुलीचं ऐकून वाईट वाटलं, तो प्रकार भीतीदायकच असतो. पण असे धीट झालेले नर बहुतेक वेळा कुणीतरी दाणे घालून धीट केलेले असतात. चकाकत्या दारात त्यांना स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि दुसरा नर समजून ते भिडतात. दार झाका, घाबरून मागे सरू नका, झाडू किंवा पाण्याची नळी घेऊन पुढे जा, आणि शेजाऱ्यांना दाणे बंद करायला सांगा. पिल्लांना घेऊन मातीत लोळणारी मादी ही वेगळी गोष्ट आहे.

जाईताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी इथे विस्कॉन्सिनमध्ये बारा वर्षं जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करायला स्वयंसेवक म्हणून जातो. टर्कीच्या लोळायच्या जागा आता दुरून ओळखू येतात. जंगलात त्यांना उघडी, कोरडी माती सहज मिळत नाही, सगळीकडे पाचोळा. म्हणून त्या हेरून ठेवतात: वादळात उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखालची जागा, मुंग्यांची सोडून दिलेली वारुळं, कुजून भुगा झालेला ओंडका, कच्च्या रस्त्याची कड. अशी जागा एकदा पसंत पडली की त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा येतात, एकीची झाली की दुसरी बसते. लोळताना पक्षी बेसावध असतो, म्हणून जागा अशी लागते की आजूबाजूचं लांबवर दिसावं. पुष्कळदा एक लोळते आणि दुसरी मान वर करून उभी असते.

म्हणून विचारतो: तुमची मादी मेथीत पहिल्यांदाच आली का? आणि या वर्षी आवारात काही बदललंय का? कुठे गवत लावलं, फरशी घातली, असं काही?

बर्फातली_जाई

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी उठून मागे जाऊन उभी राहिले.

घराच्या दक्षिण भिंतीलगत, छपराच्या वळचणीखाली, तीन-चार हात लांबीचा एक पट्टा होता. तिथे काही उगवायचं नाही. पाऊस पोचत नाही, दिवसभर ऊन, माती रेताड. आणि त्यात कायम दोन-तीन खळगे असायचे. मला वाटायचं, छपरावरून बर्फ पडून झाले असतील. एप्रिलमध्ये आवार साफ करायला जी मंडळी बोलावली होती, त्यांनी तो पट्टा ओकाबोका दिसतो म्हणून त्यावर लाकडाच्या सालीचा जाड थर घातला. मी हो म्हटलं. मलाच तो नीटनेटका हवा होता.

म्हणजे ती माझ्या मेथीत आली नाही. मी तिची न्हाणी बुजवली आणि मग तिला आवारात जी एकमेव मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती उरली तिथे ती गेली. आणि ती माती मीच खणून, ढेकळं फोडून, खत घालून तयार करून ठेवली होती.

माळीदादा, तुमचा राग मला समजतो. पण या पक्ष्यांचा इथला इतिहास वाचल्यावर मला त्यांना हाकलवत नाही. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची रानटर्की १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारली गेली. शेतीसाठी जंगलं तोडली होती आणि शिकारीला धरबंध नव्हता. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं या राज्यात त्यांचा टिकाव लागला नव्हता. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅडिरोंडॅक भागातून पकडलेले ३७ पक्षी पश्चिमेकडच्या बर्कशायर डोंगरांत सोडले. आज राज्यात तीस हजारांच्या वर आहेत. माझ्या वाफ्यातली बाई बहुतेक त्या ३७ जणांचीच खापरपणती.

मॅडिसनकर

हेच वाटलं होतं. आमच्या राज्यातही तसंच. १९७६ मध्ये मिसूरीतून टर्की आणल्या, व्हर्नन काउंटीत सोडल्या, आणि बदल्यात इथून ग्राउज (तितरासारखे रानपक्षी) मिसूरीला दिले. पक्ष्याच्या बदल्यात पक्षी!

साल काढून टाका. खाली माती घट्ट झाली असेल तर वीतभर खोल हलवून घ्या, थोडी बारीक वाळू मिसळा. त्या पट्ट्यावर कीटकनाशक किंवा तणनाशक पडू देऊ नका, ती माती थेट कातडीपर्यंत जाते. दाणे अजिबात घालू नका. मेथीवर दीड-दोन महिने तारेची जाळी आडवी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. पायाखाली तार लागली की ती बसणार नाही. आणि मातीला हात लावल्यावर साबणाने धुवा, बर्ड फ्लूचे दिवस आहेत.

सातारची_सून

थोडी राख घाला हो ताई. फायरप्लेसमधली चालेल, पण नुसत्या लाकडाची हवी. रंग दिलेल्या फळ्यांची नको.

मांडवीकाठ

धागा टर्कीचा आहे म्हणून गोव्याची एक आठवण घालतो. आपल्याकडे हा पक्षी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. पोर्तुगीजमध्ये टर्कीला पेरू म्हणतात, हिंदीतही तो शब्द गेला. १६१२ मध्ये मुकर्रबखान या मुघल सरदाराने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यांत टर्की होती. जहांगीर तिच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलताना बघून इतका हरखला की त्याने आठवणींत वर्णन लिहिलं आणि चित्रं काढायला लावली. कपाळावरचा मांसल तुरा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो तर कधी गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो, असं त्याने म्हटलंय. त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचं ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जाईताई, लोळताना डोक्याचा रंग बदलतो का? तुम्ही इतकं बारकाईने बघताय म्हणून विचारलं.

बर्फातली_जाई

वा, हे ठाऊक नव्हतं! मादीचं डोकं निळसर राखाडी असतं आणि लोळताना तसंच राहिलं. लाल-निळ्या-पांढऱ्याचा सगळा खेळ नराचा, तोही मुख्यतः वसंतात, पिसारा फुलवताना. मादीचा तुराही इवलासा असतो.

बर्फातली_जाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. रविवारी दोघांनी मिळून सालीचा थर उचलला. खालची माती ओलसर, आंबूस वासाची झाली होती. ती वाळायलाच चार दिवस लागले. मग हलवली, वाळू घातली, सातारच्या ताईंच्या सांगण्यावरून दोन ओंजळी राख घातली. मेथीवर जाळी.

पहिला आठवडा कुणी फिरकलं नाही. मादी एकदा वाफ्यापर्यंत आली, जाळीवर पाय ठेवला, काढला, मान तिरकी करून पाहिलं आणि निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी दुपारी भिंतीबाहेर पंखांचा फटफट आवाज आला. खिडकीतून खाली वाकून पाहिलं तर ती अगदी माझ्या पायांखाली, भिंतीला पाठ लावून. इतक्या जवळून पहिल्यांदा दिसलं की धूळ अंगावर पडली की ती पिसं घट्ट मिटून घेते, थोडा वेळ तशीच राहते आणि मगच सैल सोडते. माती आत जिरवून घेतल्यासारखी. तिच्या पापणीच्या आतून एक पांढुरका पडदा सरकत होता, प्रत्येक झोताबरोबर एकदा.

नऊ पिल्लांची सहा राहिली आहेत. एवढ्यात ती पाइनच्या फांदीवर झोपायला जाऊ लागलीत. राज्याचं वन्यजीव खातं १ जून ते ३१ ऑगस्ट पिल्लांसकट दिसलेल्या माद्यांच्या नोंदी लोकांकडून मागवतं. मी कळवलं: मादी एक, पिल्लं सहा.

मेथी पुन्हा टाकली आहे. दोन पानांवर आहे.

पिसांचा_वैद्य

पिसं मिटून धूळ दाबून धरण्याचं निरीक्षण अचूक आहे. तेल शोषायला माती पिसांत थोडा वेळ टिकायला लागते. बहुतेकांच्या नजरेतून तेवढंच निसटतं.

गॅलरीतली_बाग

मी नाशिकला चौथ्या मजल्यावर राहते, त्यामुळे टर्की नाही आणि कोंबडीही नाही. पण हा धागा वाचून गॅलरीत एका जुन्या परातीत चाळलेली माती ठेवली, ऊन येतं त्या कोपऱ्यात. शेजारी पाण्याचं भांडं आधीपासून आहे, त्यावर चिमण्या येतात. चौथ्या दिवशी एक चिमणी परातीच्या काठावर बसली, मातीत दोनदा चोच मारली आणि उडाली. माती फार कोरडी हवी का? काल पावसाची झड आत आली होती.

माळावरचा

अगदी कोरडी हवी. परात भिंतीकडे सरकवा आणि माती तीन बोटं तरी भरा, थर पातळ असला तर खालचा पत्रा पायाला लागतो. उघडीप पडली की येतील.